फटफटीला लावलेली जाळ्याची दोरी

रेस कमीच होईना. जुनी फटफटी सुसाट पळत होती, नवरा चालवत होता, मी मागे बसले होते आणि पुढच्या वळणाला बोदलकशाचा तलाव होता. ब्रेक दाबले की नुसते किंचाळायचे.

सासऱ्याची ही फटफटी नवऱ्यानं चार महिने ओसरीत खोलून पुन्हा जुळवली होती. टाकीतला गंज चिंचेच्या पाण्यानं गेला. रेसची तार मात्र गोंदियात मिळाली नाही, म्हणून त्यानं मासे धरायच्या जाळ्याची दोरी लावली. "बोदलकशाचा मासा हिले तोडत नाही, गाडी काय तोडते?" म्हणाला. दोरी तुटली नाहीच. तिची गाठ नळीत अडकून बसली.

"अवो, बांधीत घाला!" मी ओरडले. त्यानं रस्ता सोडून गाडी आमच्याच धानाच्या बांधीत घातली. चाकं चिखलात रुतली, इंजिन बंद पडलं, आम्ही दोघं तोंडावर पडलो.

तिथं चिखलात धानाची रोपं लावत रोवणा करणारी शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन जी भाऊजी, यंदा गाडीनं रोवणा करून राहिले का?"

"नाही, बायको रोवून राहिलो," तो म्हणाला.

दोरी मी त्याच दिवशी चुलीत घातली. रोपं गेली. तो वाचला, मी वाचले, फटफटीही वाचली.