उजवीकडचं इंजिन

भिकन मिस्त्री गेल्याची बातमी मला जळगावात कळली. जुन्या टायरांच्या ढिगावर बसून मी घासाघीस करत होतो आणि सौदा माझ्या बाजूला झुकत आला होता. तेवढ्यात धुळ्याहून आलेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, "नाना, तुमचे मिस्त्री गेले. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी सौदा तिथंच सोडून निघालो. नानांना फार धक्का बसला, असं नंतर लोक म्हणाले. बसला होताच. पण लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो... माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या माणसाचं मरणसुद्धा त्याच्या इंजिनासारखं. खडखड नाही, धूर नाही, हळूच बंद. मला असलं मरण यायचं नाही, हे मला तेव्हाच कळलं आणि त्याचासुद्धा मला हेवा वाटला.

आम्ही दोघं शिंदखेड्याकडच्या एकाच खेड्यातले. मी त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा. धुळ्यात आलो तेव्हा दोघांकडेही काही नव्हतं. त्याच्याकडे कान होता आणि माझ्याकडे जीभ. तो मोटारी दुरुस्त करायचा, मी मोडक्या मोटारींचे भाग विकायचो. पुढे दोघांनीही एकेक जुनी परदेशी मोटार घेऊन धुळे-शिरपूर रस्त्यावर भाड्यानं चालवायला सुरुवात केली. त्या मोटारी पेट्रोल असं प्यायच्या, की शिरपूर गाठेपर्यंत जीव टांगणीला लागे. स्वातंत्र्याला चारेक वर्षं झाली असतील, आग्रा रोडवर डिझेलचे ट्रक वाढले होते. ते पाहून माझ्या डोक्यात आलं, हेच इंजिन मोटारीत का बसू नये?

मुंबईत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता. तिथं दोन सारखी इंजिनं एकाच वाट्यात होती. चार सिलिंडर, पंचेचाळीस घोड्यांची ताकद, मिनिटाला बावीसशे फेरे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते तेव्हा पेट्रोल पेट घेतं, इथं ठिणगी नाहीच. हवा सोळापट दाबली, की ती इतकी तापते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून त्याचं लोखंड जाड आणि वजन आठ मणांवर. भिकननं हे सगळं मला लिलावाच्या रांगेत उभ्या उभ्या समजावलं आणि मी दोन दिवस भांडून तो वाटा पदरात पाडला. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर धुळ्यात सगळे म्हणत, मिस्त्रीनं डिझेलची मोटार आणली. आणली मी!

चाळीसगावमार्गे इंजिनं धुळ्याच्या मालधक्क्यावर उतरली. आता वाटणी करायची. आमच्याकडे भावाभावांच्या वाटणीत एक रीत आहे. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे घालणारा लबाडी करत नाही. डावीकडच्या इंजिनाचा रंग चांगला होता, उजवीकडचं गंजलेलं होतं. म्हणून जादा मिळालेला डिझेल पंप मी उजवीकडच्या वाट्यात घातला. भिकन म्हणाला, "नाना, तू घाल, मी उचलस." आणि नेमका त्याच वेळी बैलगाडीवाला जादा भाडं मागायला लागला. मी त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो. पाठीमागे भिकन पान्यानं इंजिनं ठोकून बघत होता, तो आवाज माझ्या कानावर पडत होता, पण लक्ष नव्हतं. गाडीवाल्याला नमवून वळलो, तर भिकनचा हात उजवीकडच्या इंजिनावर होता. गंजलेल्या! मी त्याच क्षणी मनाशी म्हटलं, नाना, फसलास. याच्या कानाला काहीतरी ऐकू आलंय.

आणि पुढची सगळी वर्षं माझा तो संशय पक्का होत गेला. माझ्या इंजिनानं एकही दुखणं बाकी ठेवलं नाही. थंडीत सुरू व्हायचं नाही, पांढरा धूर ओकायचं. नोझलमध्ये कचरा अडकायचा आणि काळा धूर निघायचा. टाकी रिकामी होत आली की पंपात हवा शिरायची, मग रस्त्यात उभं राहून नट सैल करा, हवा काढा, हात तेलानं माखून घ्या. भिकनची मोटार माझ्या शेजारून जायची तेव्हा तो हात हलवायचा. त्या हलणाऱ्या हाताची मला इतकी चीड यायची!

त्याचे लाड पाहून तर मी हसायचो. डिझेल आणलं की दोन दिवस पिंपात तसंच ठेवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं तेवढं धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळून घ्यायचा. सकाळी सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारा हीटर लावून वीसपर्यंत मोजायचा. मी खोळंबून ओरडायचो, तर म्हणायचा, "माणूसले उठाले येळ लागस, तसा इंजिनले बी." आणि मुक्कामाला पोचल्यावर उतारू उतरून गेले तरी पाच मिनिटं ते मंद चालू ठेवायचा, मगच बंद करायचा. इंजिनाच्या एका बाजूला त्यानं पत्रा ठोकला होता. विचारलं तर म्हणे, धूळ लागू नये म्हणून. चांगलं इंजिन मिळालंय, त्याला धूळसुद्धा लागायला नको!

शिरपूरच्या स्टँडवर उतारू मला विचारायचे, "मिस्त्रीच्या गाडीत जागा आहे का?" मला! लग्नाचे वऱ्हाडी त्याचा दिवस मिळावा म्हणून तिथी पुढे ढकलायच्या गोष्टी करायचे. एकदा मे महिन्यात उतारू घेऊन शिरपूरच्या पुढे गेलो, तेव्हा बिजासनच्या घाटात माझं पाणी उकळलं. उतारू कुरकुर करत होते, माझं डोकं इंजिनापेक्षा जास्त तापलं होतं. मी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि हंडाभर गार पाणी ओतलं. आतून कडाड असा आवाज आला. इंजिनाचं हेड वाकडं झालं, त्याखालची गॅस्केट उडाली. मागून भिकन आला. त्यानं दोर काढला आणि माझी मोटार बांधून थेट शिरपूरच्या स्टँडपर्यंत ओढत नेली. सगळ्यांसमोर. तिथं मी त्याला म्हणालो, "लबाडा, चांगलं इंजिन तू उचललंस!" लोक थांबून ऐकत होते. तो दोर गुंडाळत म्हणाला, "तुनं इंजिन वरडस, नाना. मनं बोलस. एवढाच फरक." लोक हसले. त्या दिवसापासून मी त्याच्या दारात पाय ठेवला नाही. रस्त्यात भेटलो तर बोलायचो, पण तेवढंच.

तेराव्याला गेलो, तेव्हा भिकनच्या बायकोनं, सोनावहिनींनी, मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "मोटार विकायची आहे. भाव तुम्हीच ठरवा, नाना. तुमच्याइतकं कोणाला जमायचं नाही." मला आतून बरं वाटलं, खोटं का बोलू. शेवटी त्याच्या दारात माझीच जीभ लागली होती. दोंडाईचाहून एक गिऱ्हाईक आणलं. इंजिन किती उत्तम आहे हे दाखवावं म्हणून मी पान्यानं तो पत्रा काढला...

इंजिनाच्या बाजूला वीतभर लांब भेग होती. ज्या भिंतीआड पाणी खेळतं, तीच तडकलेली. लष्कराच्या कुठल्यातरी थंड मुलखात आतलं पाणी गोठून फुटली असावी. भेगेच्या सबंध लांबीवर तांब्याचे खिळे होते, आटे पाडून, एकाला एक चिकटवून, शिंप्यानं टीप मारावी तसे. तांबं काळं पडलं होतं. कालचं काम नव्हतं ते.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. ठोकल्याबरोबर बद्द आवाज आला म्हणाले. घरी येऊन मला सांगितलं, नानाला तडकलेलं गेलं असतं तर त्यानं महिन्यात फोडलं असतं आणि जन्मभर मला शिव्या दिल्या असत्या."

"वहिनी, शिव्या तर मी तशाही दिल्या."

"त्या चांगलं इंजिन उचलल्याच्या आहेत, असं म्हणायचे ते. सोसवतात."

म्हणजे डिझेल गाळणं, वीस मोजणं, पाच मिनिटं मंद चालवणं, हे लाड नव्हतेच. फुटकं इंजिन जगवायची ती रीत होती. आणि चांगलं, ठणठणीत इंजिन माझ्याकडे होतं, मी ते ओरडून ओरडून मारलं. इतकी वर्षं एका तक्रारीवर मी जगलो, तीसुद्धा या माणसानं जाताना माझ्याकडून काढून घेतली. आता मी त्याच्यावर रागावू कशावरून?

दोंडाईचाच्या गिऱ्हाइकाचं लक्ष नव्हतं, तो गादी दाबून बघत होता. मी पत्रा परत ठोकू शकलो असतो. आयुष्यभर मी असेच पत्रे ठोकत आलोय. पण मी त्याला हाक मारली आणि भेगेवर बोट ठेवलं. तो वाकला, खिळे बघितले, म्हणाला, "मग हे इतकी वर्षं चाललं कसं?" तो गेला. मी मुद्दाम मोडलेला हा पहिलाच सौदा. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

मोटार अजून तिथंच उभी आहे. दर रविवारी सकाळी मी जातो. पिंपाच्या तोंडावर ते धोतराचं फडकं अजून बांधलेलं आहे, त्यातून डिझेल गाळून घेतो. हीटर लावतो, वीसपर्यंत मोजतो. बाराच्या पुढे माझा जीव राहत नाही, पण मोजतो. इंजिन सुरू होतं. पाच मिनिटं ते मंद चालत राहतं आणि मी तांब्याच्या त्या टिपेवर हात ठेवून बसतो. माझ्या हातात आलंय, आता तरी एकदा ते ओरडेल, अशी मी वाट पाहतो.

अजून ओरडलेलं नाही.