अम्माच्या वजनाची गोण

“वाढवायचं नाय, सोडायचं पन नाय.”

जिममध्ये एखादा नवा पोरगा आरशासमोर दंड फुगवून बघायला लागला, की आम्हा सगळ्यांचे चाचा हातातली तांदळाची गोण खाली ठेवायचे, पंच्याने मान पुसायचे आणि त्याला हे वाक्य ऐकवायचे. हो, तांदळाचीच गोण. लोखंडाचा ढीग पडलेला असताना हा साठी ओलांडलेला गृहस्थ घरून शिवून आणलेली गोण उचलायचा. तुम्ही हसाल. पहिल्या दिवशी मीही तोंड फिरवून हसलो होतो.

मी पेणच्या शाळेत मास्तर, राहायला रोह्यात. एसटीच्या बाकांनी माझ्या कमरेची पार वाट लावली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजारातल्या या जिममध्ये धाडलं. व्यायामाचे बेत आखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. प्रत्येक बेत पाडव्याला उभा राहतो आणि आंब्याची पेटी घरात येईपर्यंत आडवा होतो. बायकोने तर जिमची फी भरायच्या आधीच मला कोपरापासून हात जोडले होते.

चाचांचं तसं नव्हतं. त्यांना नेमकं काय हवंय ते ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं कुवेतच्या कंपनीत घालवून ते परतले, तेव्हा त्यांच्या आईचे, म्हणजे अम्माचे, पाय गेले होते. पहिल्याच संध्याकाळी तिला पलंगावरून उचलायला गेले आणि कमरेत अशी कळ आली की दोघंही गादीवर कोसळले. अम्मा म्हणाली, “मेल्या, इतकी वर्सं तिकडं काय खाल्लंस?” हा किस्सा चाचा स्वतःच सांगायचे आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा.

अम्माची खोली वरच्या मजल्यावर. संध्याकाळी तिला खाली ओट्यावर यायचंच असे, कारण शेजारच्या बायका तिथे जमत आणि गावातली एकही बातमी तिच्या कानावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. मी शहाणपणाने सुचवलं, “चाचा, खालची खोली द्या ना त्यांना.”

“पावसात नदी येते सर, खालच्या खोलीत.”

“मग पुतण्यांना सांगा उचलायला. तरणी पोरं आहेत.”

“त्यांच्या हातात ती अंग चोरते.” मग पंच्याने मान पुसत म्हणाले, “आन इतकी वर्सं मी नव्हतोच ना हितं. आता शेवटपर्यंत तिला मीच उतरवनार.”



आमचा ट्रेनर कोलाडचा. त्याने चाचांना तक्ता लिहून दिला होता: एक दिवस छाती, एक दिवस पाठ, एक दिवस नुसते दंड. चाचांनी तो शांतपणे वाचून परत दिला. “बाबा, दंड एका दिवशी आन पाठ दुसऱ्या दिवशी, अशानं अम्मा जिना उतरत नाय. मला उचलायला शिकव. आन म्हातारपनी पन करता येईल येवढंच शिकव.”

ट्रेनर समजूतदार. त्याने तक्ता बाजूला ठेवला आणि गुडघे कसे वाकवायचे, पाठ कशी ताठ ठेवायची, वजन छातीला कसं चिकटवायचं, हे दाखवलं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, जमिनीवरचं ओझं उचलायचं, ते घेऊन चालायचं आणि टेबलाला हात टेकून दंड काढायचे. संपला व्यायाम. एक दिवसाआड करायचा आणि घरी जाऊन चहा प्यायचा.

गोणीची कल्पना मात्र चाचांची. “लोखंडाचा दांडा गप ऱ्हातो,” ते म्हणाले, “अम्मा हलते.” मग त्यांनी अम्माला रिक्षात घालून भाताच्या गिरणीवर नेलं, तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहिले, नंतर एकटे उभे राहिले आणि जो फरक आला तेवढा तांदूळ गोणीत भरला. अम्मा तिथे सगळ्यांदेखत ओरडली, “मी काय भात हाय?” गिरणीवाला आजही ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो.

पुढे अम्मा सुकत गेली. ट्रेनर म्हणाला, “चाचा, गोणीतला तांदूळ थोडा काढा आता.”

“ऱ्हाऊ दे. ती हलकी झाली, तसा मी पन म्हातारा झालो ना.”

मीही हळूहळू त्यांच्याच चार प्रकारांवर आलो आणि आश्चर्य म्हणजे टिकलो. आता चाचा मुलीकडे म्हसळ्याला राहायला गेलेत. तरी माझी कमर शाबूत आहे आणि बायकोने तो विषय टोमण्यांच्या यादीतून काढून टाकलाय.

चाचा म्हसळ्याला जायच्या आधी, गेल्या थंडीत अम्मा गेली. दफनाला मी कब्रस्तानात गेलो. बाईमाणसाला कबरीत उतरवून घ्यायला तिच्या नात्यातलेच पुरुष लागतात. पुतणे म्हणाले, “चाचा, तुम्ही वरती थांबा, आम्ही उतरतो.” चाचांनी बाह्या वर सारल्या आणि एका पुतण्याला घेऊन ते खाली उतरले. वर चौघांनी पडद्यासारखी चादर धरली. आत काय चाललं होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. फक्त चाचांचा आवाज आला, “सोडा. घेतली मी.”

थोड्या वेळाने चादर बाजूला झाली. कबरीच्या काठावर मातीने भरलेले दोन तळवे टेकले. कुणीतरी हात पुढे केला, पण तो धरायच्या आधीच चाचा वर आले होते. कपडे झटकता झटकता त्यांची नजर माझ्याकडे गेली.

“सर, कवाधरनं उभे आहात. कमर धरेल. त्या कट्ट्यावर बसा जरा.”

मला रडू कोसळलं. इतक्या लोकांत, पन्नाशीचा मास्तर, अगदी पोरासारखा रडलो. चाचा जवळ आले आणि माझं रडणं थांबेपर्यंत मला धरून उभे राहिले.