बाबांच्या ड्राइव्हवेत डॉज

डेल्फीन कुयावा दर रविवारी भावाकडे जेवायला जाई आणि आपली गाडी चार घरं अलीकडे, बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानासमोर लावी. तिथून हातात खसखशीच्या रोलचा ट्रे घेऊन चालत जाई. जानेवारीत फुटपाथवर बर्फ असे तेव्हा ट्रे छातीशी धरून बदकासारखी चाले. भावाच्या घरापुढचा ड्राइव्हवे लांबरुंद होता. तीन गाड्या आरामात मावत, आणि उभी असे एकच.

अडचण जागेची नव्हती, गाडीची होती. घर मुळात बाबांचं. स्टॅन बीलाक सारी हयात फोर्डच्या कारखान्यात होते आणि त्यांचा नियम होता की या ड्राइव्हवेत फोर्डखेरीज चाक लागणार नाही. घरावर आशीर्वादाचं पाणी शिंपडायला पाद्रीबुवा शेव्हरोलेमधून आले, तर त्यांनाही बाबांनी हसतमुखानं रस्त्यावर उभं केलं होतं. डेट्रॉइटच्या खालच्या अंगाला नदीकाठी जी गावं आहेत तिथं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अर्ध्या घरांत असेच नियम होते, फक्त कंपनी वेगळी.

अशा घरातली ही मुलगी प्रेमात पडली ती लेनी कुयावाच्या. लेनी पोलिश होता, कॅथलिक होता, दारूला शिवत नव्हता. एवढं सगळं जुळूनही लग्न वर्षभर अडलं, कारण तो ट्रेंटनच्या इंजिन कारखान्यात, म्हणजे फोर्डशी स्पर्धा करणाऱ्या डॉजवाल्यांकडे कामाला होता. अखेर बाबांनी मान तुकवली. मुलगी दिली, पण ड्राइव्हवे दिला नाही. लेनी संसारभर न्हाव्याच्या दुकानासमोर गाडी लावत राहिला. "माझी मोफत हजामत होते दर रविवारी," एवढंच म्हणायचा. डेल्फीनला मात्र ते कधी विनोदी वाटलं नाही.

ती स्वतः अग्निशमन दलाच्या फोनवर बसायची. लोक किंचाळत, रडत, शिव्या देत आणि ती एकाच पट्टीत विचारायची, "पत्ता सांगा. कोणता मजला?" घाई करणारी माणसं पत्ता चुकवतात हे तिनं नोकरीत इतक्या वेळा पाहिलं होतं, की पुढे घरीही ती कशाची घाई करीनाशी झाली. लेनी गेला, मग बाबा गेले, मग ती निवृत्त झाली. घर धाकट्या भावाकडे, नॉर्बर्टकडे आलं. घराबरोबर नियमही आला. नॉर्ब स्वतः फ्लॅट रॉकला फोर्डच्याच कारखान्यात मस्टँग गाड्या जोडत असे. त्याच्याकडे तांबडी मस्टँग होती, हातानं गिअर टाकायची. तिला तो नोव्हेंबरात पांघरूण घालून झोपवी आणि एप्रिलात उठवी.

लेनी गेल्यावर नॉर्बनं मोठ्या मायेनं कंपनीचा सवलतीचा कागद आणून बहिणीच्या हातात ठेवला. कामगारांच्या नातेवाइकांना गाडी स्वस्त पडते, त्याचा. "आता तू आपल्यात परत ये, डेल," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण 'परत ये' हे शब्द डेल्फीनला असे झोंबले की तिनं कागद फ्रिजवर चुंबकानं लावला आणि त्याच आठवड्यात जाऊन डॉज चॅलेंजर घेतली. जांभळी, मोठ्या इंजिनाची, जाहिरातीत तरुण पोरं चालवतात ती. विक्रेत्यानं विचारलं, "नातवासाठी का?" ती म्हणाली, "नातवाला बस आहे."

गाडी तिला मनापासून आवडे. सकाळी इंजिन सुरू झालं की पोटात गार चहा हलावा तशी एक थरथर येई, शेजारचा कुत्रा एकदा भुंके आणि दिवस सुरू होई. ती त्या गाडीतून किराणा आणी, चर्चला जाई. महिन्यातून दोन शुक्रवारी मात्र तासाभरावरच्या रेसपट्टीवर जाई आणि पाव मैल जीव तोडून पळवी. तिथं तिची ओळख होती. तिच्या वयाची दुसरी बाई नव्हती, म्हणून तिची खुर्ची कुणी उचलत नसे.

आणि दर रविवारी जेवणाच्या टेबलावर तेच भांडण.

"तुझी गाडी म्हणजे सोफा आहे, डेल. बैठकीच्या खोलीतला सोफा. त्याला इंजिन लावलंय."

"सोफ्यावर पाठ दुखत नाही. तू उतरलास की दहा मिनिटं कमान होऊन चालतोस."

"माझी चारशे पौंडांनी हलकी आहे! वळणावर बघ एकदा. मासिकात आलंय, सगळ्या चाचण्यांत—"

"मासिकातला माणूस गिअर चुकवत नाही. तू दुसऱ्यातून तिसरा टाकताना देवाचं नाव घेतोस, मी ऐकलंय."

"ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरविषयी बोलू नये! पाय ठेवायचा आणि बसून राहायचं. त्यात कसब कसलं?"

नॉर्बची बायको रीटा पिरोगीचं, म्हणजे पोलिश करंज्यांचं, भांडं दोघांच्या मध्ये आपटून ठेवी. "खा आधी. थंड झाल्या तर दोन्ही गाड्या विकून मी मायक्रोवेव्ह घेईन."

त्या जूनमधल्या रविवारी मात्र गोष्ट पुढे गेली. पाऊस होता. डेल्फीन चिंब भिजून आली, रोलवरचा कागद लगदा झाला होता. रीटा टॉवेल घेऊन धावली आणि नवऱ्यावर उखडली, "अरे, सख्खी बहीण आहे तुझी! आज तरी आत लावू द्यायची!"

"नियम माझा नाहीये, बाबांचा आहे," नॉर्ब पुटपुटला.

डेल्फीननं केस पुसता पुसता म्हटलं, "बाबा वर गेलेत, नॉर्ब. तिथं काय चालतं मला माहीत नाही. इथं तू आहेस. पट्टीवर ये. मी जिंकले तर माझी गाडी ड्राइव्हवेत."

"आणि हरलीस तर?"

"तू सांग."

"तर ही जांभळी विकायची. आणि माझ्या कागदावर मस्टँग घ्यायची."

रीटा म्हणाली, "नॉर्ब, काहीतरी बोलू नकोस." पण डेल्फीननं टॉवेल खुर्चीवर टाकला आणि "ठरलं" म्हणून मोकळी झाली. रात्री घरी मात्र तिला झोप लागेना. गाडी गेली तर गेली, असं तिला म्हणता येईना. गाडी विकणं म्हणजे लेनीशी लग्न ही एक चूक होती असं एवढ्या वर्षांनी लिहून देण्यासारखं होतं. आणि ते तिनं स्वतःच तोंडानं पणाला लावलं होतं.

पट्टीवर शर्यत कशी लावायची हे तिनं ठरवलं. नॉर्बला सरळ हवी होती. दिवा हिरवा, दोघं एकदम, पहिला तो जिंकला. तसं झालं असतं तर मस्टँगच पुढे जाण्याचा संभव जास्त, हे डेल्फीनला पक्कं माहीत होतं. टेबलावर ती ते कधी कबूल करीत नसे एवढंच. ती म्हणाली, "पट्टीवर आकड्याची शर्यत असते. ती खेळायची."

आकड्याच्या शर्यतीचा कायदा नवख्याला उफराटा वाटतो. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत तोडेल ते आपणच बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर लिहायचं. ज्यानं जास्त सेकंद लिहिले, त्याला त्या फरकाएवढं आधी सोडतात, म्हणजे हळू गाडीवालाही वेगवान गाडीशी बरोबरीनं खेळू शकतो. पण लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद, मग पुढे का असेनात. सूट मिळावी म्हणून कुणी स्वतःला हळू म्हणवून घेऊ नये, यासाठी.

शुक्रवारी दुपारी ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. सरावाच्या फेऱ्या झाल्या. नॉर्ब पहिल्यांदाच इथं गाडी आणत होता. रविवारी रिकाम्या रस्त्यावर मारलेल्या दौडी निराळ्या. एका फेरीत त्याची चाकं जागीच फिरली, दुसरीत तिसरा गिअर अडकला. दोन्ही वेळा तेरा सेकंदांच्या वर. डेल्फीनची जांभळी दर वेळी एकाच आकड्याला येत होती, तेराच्या किंचित आत. नॉर्ब लेमोनेडचा कप चुरगाळत बसला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक लबाड हसू आलं. त्यानं काचेवर ठसठशीत लिहिलं, तेरा.

"तेरा?" डेल्फीननं भुवया उंचावल्या. "सबंध गावाला साडेबारा सांगत फिरतोस तू."

"आज नम्र झालोय मी," नॉर्ब म्हणाला. "तू बारा चौऱ्याऐंशी लिहिलंयस ना? म्हणजे मी आधी सुटणार. एकदा पुढे गेलो की मला गाठून दाखव, ताईबाई."

रीटा घडीच्या खुर्चीवरून म्हणाली, "त्याला वाटतंय त्यानं फार हुशारी केली. जेव्हा जेव्हा असं वाटलंय तेव्हा घरात प्लंबर आलाय."

त्यांचा नंबर येईपर्यंत सूर्य झाडांमागे गेला आणि वारा सुटला. हवा गार झाली की इंजिनाला बळ चढतं. डेल्फीननं हाताच्या पाठीवर वारा जोखला, फडकं काढलं, काचेवरचा आपला आकडा पुसला आणि दोन-चार शतांश सेकंदांनी कमी करून लिहिला. नॉर्ब हे बघत होता. "धीर सुटला वाटतं!" तो ओरडला. स्वतःचा आकडा त्यानं तसाच ठेवला. मोठी सूट कोण सोडतो?

सुरुवातीच्या खांबावरचे दिवे एकेक करत खाली उतरले. नॉर्ब आधी सुटला. डेल्फीननं आपला हिरवा येईस्तोवर श्वास धरला आणि मग पाय दाबला. जांभळीनं नाक उचललं, पाठ सीटमध्ये रुतली. पुढे तांबडे मागचे दिवे दिसत होते. हिशेबानं ते तिच्या जवळ यायला हवे होते, शेवटच्या टोकाला तिनं त्याला गाठायला हवं होतं. पण ते जवळ येईनात. नॉर्बचा दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला, तिसरा त्याहून सफाईनं, आणि तांबडे दिवे लहान लहान होत गेले.

संपलं, असं तिच्या मनात आलं. जांभळी गेली. मग इतकी वर्षं फोनवर बसलेली बाई जागी झाली. घाई नको. तो एवढा पुढे का चाललाय? तिची गाडी तर ठरल्याप्रमाणे धावत होती, ते तिला पाठीच्या मणक्यात कळत होतं. मग तोच लिहिल्याहून जोरात धावत असणार. पाय उचल रे गाढवा, ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं, कारण तो पाय उचलणार नव्हताच. नॉर्बनं जन्मात कधी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नव्हता. तिनंही उचलला नाही, आपल्या आकड्याला धरून शेवटपर्यंत गेली.

नॉर्ब रेषेपलीकडे गेला, खिडकीतून मूठ बाहेर काढली आणि हवेत हलवली. जिंकल्याचा दिवा मात्र डेल्फीनच्या बाजूला पेटला.

परतीच्या रस्त्यावरच्या खोपटात वेळेच्या चिठ्ठ्या देतात. नॉर्ब तिथं गाडी आडवी घालून हुज्जत घालत होता. "मी पुढे होतो! आंधळे आहात का? सगळ्यांनी पाहिलंय!"

चिठ्ठ्या देणारी मुलगी च्युइंगगम चघळत म्हणाली, "तुम्ही तेरा लिहिलंत आणि आलात बारा एकाहत्तरला. बाद. काका, मागे रांग लागलीये."

"किती?"

"बारा एकाहत्तर."

नॉर्बनं चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. डेल्फीन मागून येऊन उभी राहिली. तिला वाटलं आता हा चिडणार, पण त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी पहिल्यांदा सायकल आली तेव्हाचा भाव होता.

"डेल," तो हलकेच म्हणाला, "बारा एकाहत्तर. मी. हातानं गिअर टाकून."

"पाहिलं मी. तिसरा सुरेख टाकलास."

"म्हणजे माझी गाडी जास्त वेगवान आहे."

"आहे," डेल्फीन म्हणाली. "मला आधीपासून माहीत आहे."

"मग इतकी वर्षं भांडलीस कशाला?"

"तू ड्राइव्हवे कुठे देत होतास?"

रविवारी ती आली तेव्हा ड्राइव्हवे धुतलेला होता. मस्टँग एका कडेला सरकवलेली, आणि मोकळ्या जागी खोक्याचा मोठा पुठ्ठा उलगडून अंथरलेला.

"तेल गळेल म्हणून," नॉर्ब पायरीवरून म्हणाला. "बाबांची फरशी आहे."

"गळत नाही माझी."

"सगळे डॉजवाले हेच म्हणतात."

तिनं जांभळी पुठ्ठ्यावर उभी केली आणि रोलचा ट्रे काढला. चालावं लागलं नाही, तर हात एकदम रिकामे रिकामे वाटले. आत नॉर्बची चिठ्ठी रीटानं फ्रेममध्ये घालून मीठ-मिरीच्या डब्यांमागे ठेवली होती, आणि शेजारच्या म्हाताऱ्या कोसिकला तो ती तिसऱ्यांदा वाचून दाखवत होता. शर्यत कोण जिंकलं हे त्यानं कोसिकला सांगितलं नाही. डेल्फीननंही नाही. तिनं ताटात कोबीचे रोल घेतले आणि मन लावून जेवली.

जेवणं झाल्यावर रीटाची बहीण येणार होती. नॉर्बनं हात पुढे केला. "किल्ली दे तुझी. वाकडी लावलीयेस, तिची गाडी मावायची नाही. जरा सरळ करतो."

इंजिनाचा आवाज आला, मग लांब गेला. रीटानं खिडकीचा पडदा सारून पाहिलं. "सरळ करायला नदीपर्यंत जावं लागतं वाटतं!"

वीसेक मिनिटांनी तो परत आला. त्याचे कान लाल झाले होते. किल्ली टेबलावर ठेवून तो म्हणाला, "फार जड आहे."

"आहेच."

"सीट मात्र..." तो खुर्चीत बसला, पाठ थोडी चोळली. "सीट बरी आहे. ब्रेकही बरे आहेत."

डेल्फीननं पडद्याआडून पाहिलं. पुठ्ठा बाजूला गुंडाळून ठेवला होता. जांभळी नुसत्या फरशीवर उभी होती, मस्टँगला अगदी समांतर. नॉर्बनं स्वतःच्या हातानं लावलेली.

"खसखशीचा रोल काप गं, रीटा," ती म्हणाली. "टोकाचा तुकडा मला."