हळदीच्या गोळ्या आणि आत्यांची कावीळ

परवा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दवाखान्यातून जुळे सोलापुरातल्या घरी परत आल्या. त्यांना कावीळ झाली होती... आणि ती कशानं झाली हे कळल्यापासून माझं डोकं तापलंय.

गुडघेदुखीनं त्या बेजार होत्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी घरबसल्या हळदीच्या अर्काच्या गोळ्या विकतात. 'एकदम नॅचरल, साइड इफेक्ट नाहीच' म्हणत त्यांनी आत्यांना डबी दिली, आम्हाला पत्ताही नाही.

पुढे आत्यांना जेवण जाईना, डोळे पिवळे झाले. अ‍ॅडमिट केलं. कुठलं औषध चालू आहे, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं. "कायबी न्हाय," आत्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या... हळद म्हणजे औषध, हे त्यांच्या डोक्यातच नाही.

दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाल्या, "उशाखालची माजी हळदीची डबी आण की. खाडा पडलाय." मी डबी आणली आणि थेट डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टरांनी समजावलं. भाजीतल्या हळदीतलं करक्युमिन अंगात फारसं शोषलंच जात नाही. गोळीत ते कितीतरी पट असतं, वर शोषण वाढवायला मिऱ्याचा अर्क... काहींच्या लिव्हरला ते झेपत नाही. गोळ्या बंद केल्या आणि कावीळ हळूहळू उतरली.

मी वहिनींना जाऊन सांगितलं. 'आत्या कशा आहेत' एवढंही विचारलं नाही त्यांनी. "हळदीनं कधी कुणाला काय होतंय का? दुसरंच काहीतरी असंल," म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तीच जाहिरात...

मी रागारागानं लांबलचक मेसेज टाइप करत बसले होते. आत्यांनी फोन मागितला आणि स्वतः व्हॉइस मेसेज केला. "ह्या गोळ्या खाऊन माजं लिव्हर सुजलं. ज्याला खायच्यात त्यानं आदी डॉक्टरला इचारा. आन डॉक्टरनं इचारलं तर समदं सांगा, मी सांगितलं न्हाय."

सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू तशीच डबी घेऊन दारात. "आमच्या ह्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय. ही चालंल का गं?" त्यांना तसंच गाडीवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डबी हातात घेतली आणि साफ नाही म्हणाले... दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

माझा राग अजून उतरलेला नाही. पण माझ्या त्या लांबलचक मेसेजनं काकू आल्या नसत्या... आत्यांच्या आवाजानं आल्या.