माळावरचं तण

हौसाआक्काशी माझी ओळख दगडाने झाली. बहात्तरच्या दुष्काळानंतर भांडगावच्या पलीकडे एका लहान गावात माझी शाळेवर बदली झाली. वाट जवळची व्हावी म्हणून मी सायकल माळात घातली, तर पुढच्या चाकापाशी एक दगड येऊन आदळला. बांधावर एक उंच बाई पदर खोचून उभी होती. हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झालेले.

"मास्तर दिसताय. धोंड्याला चुना लावलाय त्यो दिसत न्हाई व्हय? माळ बंद झालाय!"

"कधीपासून?"

"सकाळी हूम घुमला तवापासनं. आन् दुसरा दगड चुकायचा न्हाई, सांगून ठिवते."

हूम म्हणजे माळढोक. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच पक्षी. पावसाळ्याच्या तोंडावर नर गळा फुगवून घुमतो आणि त्याचा हुंकार लांबवर ऐकू येतो. तो कानावर पडला की आक्का घमेल्यात चुना कालवायची आणि माळाच्या कोपऱ्यांवरचे धोंडे रंगवायची. तिथून दसऱ्यापर्यंत माळावर ना मेंढरू, ना माणूस. गवत वाढायचं, आणि त्याच गवतात हुमाची मादी उघड्या जमिनीवर आपलं एकुलतं एक अंडं घालायची. दसरा झाला की आक्का गवत कापून घ्यायची आणि मग धनगरांना स्वतः हाक मारून मेंढरं सोडायला लावायची. माळाचा अर्धा भाग तिच्या मालकीचा, अर्धा सरकारी गायरान. पण धोंडे दोन्हींभोवती होते. नवरा लवकर गेलेला. तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती.

आक्काला पक्ष्यांचं वेड होतं असं कुणी समजू नये. "पाखराचं मला काय कवतिक? त्ये घुमतं तवा मला गवताचा वकूत कळतो," ती म्हणायची. तिचं दुसरं पालुपद होतं, "राखायचं तर सोडायचंबी कळाया पायजे. नुसतं झाकून ठिवलं की नासतं." हा न्याय ती भाकरीला, सुनेला आणि माळाला सारखाच लावी.

मग सरकारला या पक्ष्याचा पत्ता लागला. गायरानाला काटेरी तार आली, पाटी आली. पाटीवर माळढोकाचं चित्र आणि खाली 'राखीव क्षेत्र'. इथवर मलाही बरं वाटलं. नंतर जीपमधून एक साहेब उतरले आणि म्हणाले, जमीन नुसती पडीक आहे, एक झाड नाही, पक्षी राहणार कुठे? रोजगार हमीवर खड्डे सुरू झाले. खड्ड्यांत वेडी बाभूळ लागली. मेंढरांना बारा महिने बंदी झाली.

खड्डे खणणाऱ्या बायांना आक्काने पाणी नेऊन दिलं. "बायांनो, तुमच्यावर राग न्हाई. पोटाला हाय त्ये करा." मग ती साहेबांकडे वळली.

"सायब, हूम झाडावर बसतो व्हय?"

"मावशी, झाडं वाढू द्या, सगळे पक्षी येतील."

"समदं येत्याल. ह्यो जाईल."

साहेब हसले. ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही. जो पक्षी जमिनीवर चालतो, जमिनीवर अंडं घालतो, ज्याला लांबून येणारं कोल्हं-कुत्रं दिसावं म्हणून मोकळा माळ लागतो, त्याच्या डोळ्यांसमोर काट्यांचं रान उभं करायचं आणि त्याला संरक्षण म्हणायचं! एवढी अक्कल नसेल तर निदान ज्याला आहे त्याला विचारावं. विचारणं सोडाच, ऐकूनही घेतलं नाही.

बाभळी छातीला लागल्या. न कापलेलं, न चरलेलं गवत आडवं पडून कुजलं. हुमाने तारेतली जागा सोडली आणि तो आक्काच्या अर्ध्या माळावर आला. तेव्हा साहेब पाहुणे घेऊन आले. पाटीजवळ जीप लावून त्यांनी दुर्बिणीतून आक्काच्या माळावरचा हूम दाखवला आणि म्हणाले, "हा आपल्या संरक्षणाचा परिणाम." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दुर्दैवाने आक्कानेही ऐकलं.

"पाखरू माझ्या माळावर आन् पाटी तुमची? शेजारणीचं पोर कडंवर घिऊन बारसं घालताय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती कुऱ्हाड घेऊन तारेत शिरली आणि भर उन्हात बाभळी तोडत सुटली. खटला झाला. राखीव क्षेत्राचं नुकसान! शहरातून गाड्या घेऊन ससे-तितर मारायला येणारे सगळ्यांना ठाऊक होते, त्यांच्यावर कधी साधा कागद झाला नाही. त्या क्षेत्राची गुन्हेगार ठरली ती एकटी हौसाआक्का.

दौंडच्या कोर्टात मी तिच्याबरोबर गेलो होतो.

"झाडं तोडली का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"झाडं न्हाईत सायब. तण काढलं."

"बाभळीला तण म्हणता?"

"बाजरीत गहू उगवला तर त्योबी तणच की. नगं तिथं उगवलं त्ये तण."

सगळं कोर्ट हसलं. दंड मात्र झाला, आणि तारेत पाऊल टाकायचं नाही अशी ताकीदही मिळाली. एस.टी. स्टँडवर बशीतला चहा तसाच धरून आक्का म्हणाली, "हसली समदी. म्हंजी कळलं त्यास्नी. कळूनबी कुणी उपटायला यायचं न्हाई."

बाभळीला शेंगा आल्या. तारेबाहेर पडलेल्या शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या आणि त्यांच्या लेंड्यांतून बी आक्काच्या माळावर उगवलं. ती खणत राहिली, बाभळी फुटत राहिल्या. मग एका वर्षी मृग लागला तेव्हा तिने चुना कालवला आणि रोज पहाटे बांधावर कान देऊन बसू लागली. हूम घुमला नाही. चुना वाळला की ती पाणी घाली. तो पुन्हा वाळे.

"आक्का, पाऊस झालाय. लावून टाका चुना," मी म्हणालो.

पहिल्यांदाच ती माझ्यावर खेकसली नाही. "त्यानं सांगितल्याबिगर कसा बंद करू, मास्तर?"

माळ उघडाच राहिला. दसऱ्याच्या आधी आक्का गेली. घमेल्यात चुन्याचा धोंडा झाला होता, तो सुनेने उकिरड्यावर टाकला.

दिवाळीनंतर शाळेला जाताना पाहिलं, तर सरकारी पाटीला नवा रंग लागला होता. माळढोकाचं चित्र आधीपेक्षा मोठं काढलं होतं. मी सायकल स्टँडवर लावली आणि एक दगड उचलला. पहिला आक्काने मारला होता, हा दुसरा. तो चुकला नाही.