दत्तूमामांची माळ

दत्तूमामा चहा उभ्यानेच प्यायचे. बसले की पाय स्वस्थ राहायचे नाहीत. मग उठून आमच्या करी रोडच्या चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या सुरू. बशी हातात धरली की निम्मा चहा सदऱ्यावर. "गिरणीत तुटलेला धागा डोळं मिटून सांधायचो गं मी," असं म्हणून स्वतःच हसायचे.

संप लांबला, गिरणी गेली, आणि वर्षभरात मामांना कुणी नसताना माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. इस्पितळातल्या गोळ्यांनी ते थांबले. पण हात कापायला लागले, पाय स्वस्थ बसेनात, चाल ताठरली, तोंड सारखं चघळल्यागत हलायला लागलं. झालं! चाळीने ठरवून टाकलं, दत्तू बाटलीला लागला. भजनी मंडळाचे बुवा तर माझ्यादेखत म्हणाले, "पिणाऱ्याने तुळशीची माळ घालू नये. उतरव ती."

मामांनी माळ उतरवली नाही. कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. हात जरा स्थिरावले, मामा पुन्हा टाळ घेऊन भजनात बसले, आणि मीही मूर्खासारखी खूश झाले. महिन्याभरात ते आवाज परत आले. मामा आतून कडी लावून रडत बसले. मी दार वाजवलं, तर आतून म्हणाले, "गोळ्या सोडल्या मी. माळ घालून दारू पिईन व्हय गं?"

माझं डोकंच फिरलं. कशीबशी कडी काढायला लावली आणि मामांबरोबर बुवांनाही इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बुवांना नीट समजावलं, हे कापरं दारूचं नाही, गोळ्यांचं आहे. मामांना म्हणाल्या, त्रास झाला तर आम्हाला सांगा, आपल्या मनाने गोळ्या सोडू नका. त्यांनी औषध बदलून दिलं. पाय शांत झाले, हातही बरेच सुधारले. तोंडाचं हलणं मात्र जन्माला पुरलं.

परतताना बुवांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांनी हात जोडले तर मामा म्हणाले, "धागा तुटला की माग थांबवून सांधायचा, बुवा. मागावर चिडायचं न्हाय."

पुढे मामांचा टाळ मधेच चुकायचा. बुवा त्यांच्यासाठी चाल जरा सावकाश घ्यायचे, आणि कुणी कुरकुरलं तर डोळे वटारायचे.

मामा गेले तेव्हा अंघोळ घालताना कुणीतरी गळ्यातली माळ काढायला लागलं. बुवांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," म्हणाले. "ती त्याचीच आहे."