विंगेतला राजा

मंगालिसोला राजा व्हायचं होतं. तेही फक्त एका दुपारपुरतं, आणि आई समोर खुर्चीत बसलेली असताना.

केपटाऊनजवळच्या लांगा या काळ्या लोकांच्या वस्तीत, शाळेत असताना तो राजा होताच. गायनस्पर्धेत त्यानं एका म्हाताऱ्या राजाचं गाणं म्हटलं होतं, लेक दुरावलेल्या, भल्यामोठ्या महालात एकट्या पडलेल्या राजाचं. त्या इटालियन गाण्यातला एकही शब्द कळत नव्हता, अंगात थोरल्या भावाचा गुडघ्याखाली आलेला कोट होता. पण हा पोरगा राजा कसा, असं सभागृहात कुणाच्या मनातही आलं नाही. आई, नोबांतू, खुर्चीवर उभी राहून आजूबाजूच्यांना सांगत होती, "हा माझा लेक."

पुढं तो केपटाऊनच्या एका ऑपेरा कंपनीत लागला आणि राजाच्या दारात उभा राहू लागला. भाला घेऊन, तबक घेऊन, कधी पायांत बेड्या घालून. युरोपच्या दौऱ्यावर मात्र त्याला मोठी कामं मिळायची, कारण तिकडं काळ्या वस्तीवरचा एक ऑपेरा न्यायचे आणि त्यात सगळे काळेच लागायचे. तिथं तो दारुडा झाला, जुगारी झाला, चाकू चालवून तुरुंगात गेला. टाळ्या भरपूर. मग हॉटेलच्या खोलीत एकटाच बसून पाव खायचा. या दौऱ्यांच्या नादात लग्नाचंही राहून गेलं. आईच्या घरामागच्या खोलीत राहायचा आणि रोज सकाळी राजाचं गाणं घोटायचा.

कंपनीत राजाचं काम मिळावं म्हणून त्यानं कितीदा तरी आवाज ऐकवला. दिग्दर्शक डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "आवाज अप्रतिम. पण त्या काळातला राजा, लोकांना पटायला हवा ना." ऑपेरात देवी ढगातून उतरते, छातीत खंजीर खुपसलेली बाई सावकाश गाणं संपवून मग मरते. ते सगळं लोकांना पटतं.

एका रविवारी दुपारच्या खेळाला आई पहिल्यांदाच आली. मंगालिसो पहारेकऱ्याच्या वेषात तयार होता, एवढ्यात मॅनेजरबाई, मिसेस फोरी, धावत आल्या. राजाचं काम करणाऱ्याचा घसा साफ बसला होता.

"तुला सगळं पाठ आहे ना?"

"आहे तर." त्यानं भाला भिंतीला टेकवला. "मुकुट बसेल ना मला?"

मिसेस फोरींनी नजर चुकवली. "मुकुट तोच घालणार. तो नुसतं तोंड हलवेल. तू विंगेतून गा."

अडीअडचणीला ऑपेरात अशी रीत आहे, त्यात कुणाला गैर वाटत नाही. भाला दुसऱ्या कुणीतरी उचलला. दोरांची भेंडोळी आणि वाळूच्या बादल्या यांच्यासमोर उभा राहून मंगालिसो गायला. असा तो आयुष्यात कधी गायला नव्हता. राजाचं एकटेपण त्याला मुद्दाम आणावं लागलं नाही.

शेवटी टाळ्या घ्यायला त्याला हाताला धरून पुढं आणलं, पहारेकऱ्याच्याच कपड्यांत. पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी मिठी मारली. पुढच्या खेळाला मुकुट घालून गाऊ का, असं त्यानं धीर करून विचारलं.

"मंगळवारी व्हिएन्नाहून नवा गायक येतोय," ते म्हणाले. "पण तू आज लाज राखलीस."

परतताना दोघं माणसांनी भरलेल्या शेअर टॅक्सीत मागच्या सीटवर बसली.

"मंगा, एक विचारू? तू गात होतास, तेव्हा तो गोरा माणूस सारखं तोंड का हलवत होता?"

तो इतका हसला की टॅक्सीतले लोक वळून बघू लागले. "राजा तो होता, आई."

"आणि तू?"

"मी आत. पडद्याआड. पण ऐकलंस ना सगळं?"

"तुझा आवाज मला कळणार नाही होय? लगेच कळला. मग शेवटपर्यंत तुला शोधत बसले, मान अवघडली माझी." तिनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. "ऐकायला कशाला यायचं मी एवढ्या लांब? ऐकते तर रोज घरी, भिंतीपलीकडून. मी तुला बघायला आले होते, बाळा."

उतरायचं आलं की टॅक्सीत मोठ्यानं हाक द्यायची, ती नेहमी मंगालिसोनं. लांगाचा थांबा आला तेव्हा ड्रायव्हरला हाक आईनंच मारली.